चष्म्याचे चामडी घर हाताने कसे शिवावे

चामड्याचे काम हौसेने करून पाहावे असे ज्यांच्या मनात येते, ते बहुतेक जण थेट खांद्याला लावायच्या पिशवीपासून सुरुवात करतात आणि आठ-पंधरा दिवसांत अर्धवट शिवलेले तुकडे माळ्यावर टाकून मोकळे होतात. पिशवीला कळ्या (बाजूला जोडलेले तुकडे) असतात, पट्टा असतो, कड्या आणि बक्कल असतात, आणि यांतले प्रत्येक काम नवशिक्याला स्वतंत्रपणे अडवते. शिवाय कापडावर चुकीची पडलेली शिवण उसवता येते आणि सुईची भोके एका धुण्यात मिटून जातात. चामड्याला पडलेले भोक मात्र कायमचे असते. म्हणून पहिली वस्तू अशी निवडावी की जिच्यातली चूक दोन तळहातांएवढ्या तुकड्यावर भागेल. चष्म्याचे घर या दृष्टीने फार सोयीचे आहे. त्याला एकच तुकडा, एकच घडी आणि एकच शिवण लागते. तरीही माप घेणे, कापणे, भोके पाडणे, शिवणे, आकार देणे आणि कड घोटणे ही पिशवीला लागणारी जवळजवळ सगळी कामे त्यात एकदा तरी हातून जातात.

चामडे निवडताना

कच्चे कातडे कमावले की त्याचे चामडे होते, आणि कमावण्याच्या आज मुख्यतः दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत झाडांच्या साली आणि फळे वापरतात. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा ही त्यासाठी जुनी आणि खात्रीची द्रव्ये आहेत. या कामाला कित्येक आठवडे लागतात आणि चामडे ताठ, खाकी-तपकिरी रंगाचे, मातकट वासाचे निघते. दुसऱ्या रीतीत क्रोमियमचे क्षार वापरतात; ते काम फार लवकर उरकते आणि चामडे मऊ व लवचीक होते. बाजारातील पर्स, जाकिटे आणि सोफे यांचे बहुतेक चामडे या दुसऱ्या प्रकारचे असते. आपल्याला मात्र पहिले हवे, कारण ते ओले करून दाबले की दिलेला आकार वाळल्यावरही धरून ठेवते आणि त्याची कापलेली कड घासली की लाकडासारखी गुळगुळीत होते. क्रोमच्या चामड्याची कड कितीही घासली तरी तंतू पुन्हा उभे राहतात.

दुकानात हे ओळखण्यासाठी तुकड्याची ताजी काप पाहावी. सालीने कमावलेल्या चामड्याची काप आरपार तपकिरी दिसते, तर क्रोमच्या चामड्याच्या कापेत मधोमध बरेचदा निळसर-करडी रेघ दिसते. न रंगवलेल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब ठेवला तर सालीचे चामडे तो पिऊन टाकते आणि तिथे गडद ठिपका उमटतो. मागच्या बाजूला कापडाचे विणकाम दिसले तर ते रेक्झिन आहे, मग दुकानदार काहीही सांगो. मागे तंतू दिसतात पण पुढचा पापुद्रा नखाने उचलता येतो, असाही माल मिळतो. तो चामड्याच्या खालच्या थरावर प्लॅस्टिकचा लेप देऊन केलेला असतो आणि वर्षा-दोन वर्षांत सोलतो.

मुंबईत धारावीच्या चामड्याच्या बाजारात तयार चामडे मिळते. ते बहुतांशी चेन्नई, कानपूर आणि कोलकाता या बाजूंनी येते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि लगतचे बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर या आठ जिल्ह्यांतील कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, आणि ती चप्पल सालीने कमावलेल्या चामड्याचीच असते. त्यामुळे त्या भागात राहणाऱ्यांनी चपला करणाऱ्या कारागिरांकडेच चौकशी केलेली बरी. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर पूर्वीपासून आणि बैल व वळू यांच्या कत्तलीवर २०१५ पासून बंदी असल्याने इथे म्हशीचे आणि शेळीचे चामडे अधिक दिसते. म्हशीच्या चामड्याचा पोत थोडा राठ असतो, पण चष्म्याच्या घरासाठी त्यात काहीही उणे नाही.

चामडे चौरस फुटावर विकतात. एक चौरस फूट म्हणजे सुमारे ९२९ चौरस सेंटिमीटर, आणि आपल्या घराला त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा लागतो. तेव्हा अख्खे कातडे घेण्याच्या फंदात न पडता कटपीस मागावेत. जाडी दीड ते दोन मिलिमीटर असावी. तुकडा पाठीचा असावा, पोटाचा नसावा. पोटाचे चामडे सैल असते, ओढले की ताणते आणि पुन्हा जागेवर येत नाही. तुकडा दोन्ही हातांत धरून पुढची बाजू आत येईल असा दुमडून पाहावा. बारीक, एकसारख्या सुरकुत्या पडल्या तर चामडे घट्ट आहे. कातडी मांसापासून सुटल्यासारखी मोठी, ढिली सुरकुती पडली तर तो तुकडा परत ठेवावा.

हत्यारे

या छंदाची हत्यारे ऑनलाइन पाहू लागले की महिन्याचा पगार सहज संपेल. सुरुवातीला नव्या पात्याचा कटर, पोलादी पट्टी, कंपासपेटीतील दुटोकी डिव्हायडर, टोचा, बोथट टोकाच्या दोन सुया, ०.८ मिलिमीटरचा पॉलिएस्टरचा किंवा लिननचा जाड दोरा, मधमाश्यांचे मेण आणि चार मिलिमीटर अंतराचे दाते असलेली भोके पाडायची छिन्नी एवढे पुरते. यांपैकी छिन्नीवर मात्र काटकसर करू नये. तिचे दाते तिरप्या शंकरपाळ्याच्या आकाराचे असतात आणि हाताने घातलेल्या चांगल्या शिवणीला जो तिरपा डौल येतो तो या दात्यांमुळेच येतो. छिन्नी ठोकताना खाली जाड रबराचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा ठेवावा आणि लोखंडी हातोडीऐवजी लाकडी मोगरी वापरावी.

मी हे काम शिकू लागलो तेव्हा आमच्या नाक्यावर बसणाऱ्या एका कारागिरांकडे रोज संध्याकाळी अर्धा तास जाऊन बसत असे. त्यांच्याकडे रापी (चामडे कापायची-तासायची सुरी), आरी, ऐरण आणि पाण्याची कुंडी यांखेरीज काही नव्हते. त्यांची आरी मी जवळून पाहिली, तेव्हा तिच्या टोकाशी एक बारीक खाच दिसली. आरी चामड्यात घालून ते तिच्या खाचेत खालचा दोरा अडकवत, त्याचा फास वर ओढून घेत आणि दुसरा दोरा त्या फासातून ओवत. वहाण दुरुस्तीला ही शिवण फार वेगाने होते. आपण ज्या दोन सुयांच्या शिवणीविषयी पुढे बोलणार आहोत ती संथ आहे, पण तिच्यात एखादा टाका तुटला तरी शेजारचे टाके सुटत नाहीत. दोन्हींतील फरक मला त्यांनीच समजावला आणि त्याबद्दल पैसे घ्यायला ते तयार नव्हते. मी आग्रहाने दिले. आज जे हौस म्हणून कौतुकाचे ठरते, तेच काम पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी करणाऱ्यांना आपल्या समाजाने शिवूनही घेतले नाही, हे ठाऊक असलेल्या माणसाने ही विद्या फुकट घेऊ नये असे मला वाटते.

माप आणि कापणी

तयार नमुना शोधण्यापेक्षा स्वतःच्या चष्म्याचे माप घ्यावे. चष्मा घडी करून त्याच्या सर्वांत फुगीर भागाभोवती कागदाची पट्टी गुंडाळावी आणि घेर मोजावा. या घेरात शिवणीसाठी दोन्ही कडांचे मिळून आठ मिलिमीटर आणि ढिलाईसाठी एक सेंटिमीटर मिळवले की तुकड्याची रुंदी निघते. माझ्या चष्म्याचा घेर साडेपंधरा सेंटिमीटर आहे. म्हणून तुकडा सुमारे साडेसतरा सेंटिमीटर रुंद घ्यावा लागला. उंचीसाठी चष्म्याच्या लांबीत अडीच सेंटिमीटर मिळवावेत. साडेचौदाचा चष्मा असेल तर सतरा. हा आयत जाड पुठ्ठ्यावर काढून कापावा, उभा मधोमध दुमडावा आणि त्यात चष्मा घालून पाहावा. पुठ्ठ्यावर घालवलेली दहा मिनिटे पुढे चामड्याचा तुकडा वाचवतात. घडी घातल्यावर जो खालचा उघडा कोपरा येतो, तो एखादे जुने नाणे ठेवून गोल करावा.

पुठ्ठा चामड्याच्या पुढच्या बाजूवर ठेवून टोच्याने हलकी रेघ ओढावी. बॉलपेन वापरू नये. त्याची शाई सालीच्या चामड्यात मुरते आणि निघत नाही. कापताना पोलादी पट्टी घट्ट दाबून धरावी आणि एकाच जोरात आरपार जाण्याऐवजी तीन-चार हलक्या फेऱ्यांत कापावे, नाहीतर चामडे पात्यापुढे सरकते आणि कड तिरपी होते. पाते उभेच राहायला हवे. गोल कोपरा एका दमात वळवू नये. आधी छोटे सरळ काप देऊन मग तो कानशीने किंवा खरखरीत कागदाने गोल करावा.

घराचे तोंड, म्हणजे वरची कड, पुढे हाताला सतत लागणार असते आणि शिवल्यावर तिच्या आतल्या बाजूला पोहोचता येत नाही. म्हणून ती आत्ताच, तुकडा सपाट असताना, घोटून घ्यावी. कशी ते पुढे येईल.

भोके आणि शिवण

तुकडा दुमडला की मागच्या, तंतूंच्या बाजू एकमेकींसमोर येतात. शिवणीच्या कडांना आतून अर्ध्या सेंटिमीटरच्या पट्टीत चांभारकामाचे सोल्युशन दोन्हीकडे पातळ लावावे, ते हाताला चिकटेनासे होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि मग कडा जुळवून दाबाव्यात. या सोल्युशनची वाफ डोक्यात जाते, त्यामुळे खिडकी उघडी हवी आणि जवळ निरांजन किंवा गॅस पेटलेला नको.

सोल्युशन धरल्यावर डिव्हायडरचे एक टोक कडेला टेकवून दुसऱ्याने चार मिलिमीटर आत शिवणीची रेघ ओढावी. छिन्नीचे दाते या रेघेवर ठेवून ठोकावेत, आणि पुढे सरकताना पहिला दाता मागच्या शेवटच्या भोकात बसवावा म्हणजे अंतर चुकत नाही. इथे सगळे लक्ष एकाच गोष्टीवर असू द्यावे: छिन्नी काटकोनात उभी आहे का. ती जराशी कलली तर पुढून सरळ दिसणारी ओळ मागच्या बाजूला कधी कडेला चिकटते, कधी आत शिरते. माझ्या पहिल्या घराची पुढची बाजू मी पाहुण्यांना दाखवत असे आणि मागची तळहाताखाली झाकत असे. गोल कोपऱ्यावर दोनच दात्यांची छिन्नी वापरावी, आणि ती नसल्यास कोपऱ्यावरील भोके टोच्याने एकेक पाडावीत.

आपल्या मापाची शिवण साधारण सव्वीस सेंटिमीटर होते. शिकत असताना दोरा शिवणीच्या पाचपट घ्यावा, म्हणजे सव्वा मीटरच्या वर थोडा. तो मेणाच्या वडीवरून तीन-चार वेळा ओढावा. मेणामुळे दोऱ्याचे पीळ सुटत नाहीत आणि भोकात तो घट्ट बसतो. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई ओवावी. सुईच्या नाकातून दोरा घेतल्यावर त्याच सुईने दोरा टोकापासून दोन-तीन सेंटिमीटरवर एकदा भोसकून मागे ओढला की तो सुईवरच अडकतो आणि शिवताना निसटत नाही.

घर दोन्ही गुडघ्यांत धरावे, किंवा दोन लाकडी पट्ट्यांमध्ये शिकंजाने आवळून टेबलाच्या कडेला बांधावे. दोन्ही हात मोकळे राहणे एवढाच हेतू आहे. पहिल्या भोकातून एक सुई आरपार नेऊन दोरा दोन्हीकडे सारखा करावा. दुसऱ्या भोकात आधी डावीकडची सुई घालावी आणि ती उजवीकडे निघाली की दोरा थोडा ओढून घ्यावा. मग त्याच भोकात उजवीकडची सुई घालावी, मात्र आधीच्या दोऱ्याच्या खालून आणि तो दोरा किंचित मागे ओढून धरून, म्हणजे सुईचे टोक दोऱ्यात घुसत नाही. नंतर दोन्ही दोरे एकाच वेळी, सारख्या जोराने ओढावेत. पुढच्या प्रत्येक भोकात हाच क्रम ठेवावा. आधी डावी, मग उजवी, दुसरी सुई कायम खालून. मध्येच क्रम बदलला तर तेवढाच टाका उलट्या बाजूला झुकतो आणि पन्नास सरळ टाक्यांमध्ये तो एकटाच नजरेत भरतो. टाके इतके घट्ट ओढू नयेत की चामडे चुण्यांसारखे गोळा होईल. दोरा पृष्ठभागात थोडासा रुतला की पुरे.

शिवणीच्या तोंडाकडील टोकाचा टाका कडेवरून दुहेरी घालावा, कारण चष्मा काढता-घालताना ताण तिथेच येतो. शेवटी दोन-तीन भोके मागे येऊन त्याच भोकांतून पुन्हा शिवावे आणि दोरा कापावा. पॉलिएस्टरच्या दोऱ्याचे टोक लायटरने क्षणभर वितळवून दाबावे. लिननचा दोरा जळून जातो, वितळत नाही. त्याचे टोक थोडा गोंद लावून भोकात ढकलावे. शिवून झाल्यावर ओळीवरून मोगरी हलकेच ठोकली की टाके सपाट बसतात.

आकार आणि कड

आता घर कोमट पाण्यात बुडवावे. पाणी गरम असता कामा नये. सालीने कमावलेले ओले चामडे जास्त उष्णतेने आक्रसते आणि लाकडाच्या ढलपीसारखे कडक होते, आणि ते पुन्हा मऊ होत नाही. बुडबुडे येणे थांबले की बाहेर काढावे, कापडाने टिपावे आणि आत चष्म्याच्या आकाराचा लाकडी ठोकळा सरकवावा. खरा चष्मा घालून दाबण्याचा मोह टाळावा. बोटांनी, किंवा चमच्याच्या पाठीने, ठोकळ्याच्या कडा उठवून घ्याव्यात आणि घर सावलीत चोवीस तास वाळू द्यावे. उन्हात किंवा केस वाळवायच्या यंत्राने वाळवू नये.

ओल्या चामड्याजवळ लोखंड येऊ देऊ नये. सालीतील टॅनिन आणि लोखंड यांचा संयोग झाला की निळसर-काळा डाग पडतो. ओल्या घरावर कात्री विसरून मी रात्री झोपलो आणि सकाळी तिची आकृती छापल्यासारखी उमटलेली सापडली. लिंबाच्या रसाने असा डाग बराच फिका होतो. त्यानंतर ती जागा साध्या पाण्याने पुसून घ्यावी. कलमकारीत हिरड्याच्या पाण्यात भिजवलेल्या कापडावर लोखंडाचा गंज आणि गूळ यांच्या पाण्याने काळा रंग आणतात, त्यामागे हेच रसायन आहे.

घर पूर्ण वाळल्यावर कडेकडे वळावे. जुळवलेल्या दोन कडांची उंची सारखी होईपर्यंत त्या खरखरीत कागदाने घासाव्यात: आधी २२० नंबरचा, मग ४००, मग ६००. कडेचे दोन्ही टोकदार काने कागदानेच किंचित मारावेत. मग डिंकाचे पातळ पाणी बोटाने फक्त कडेवर लावावे आणि जाड सुती कापडाने, उदाहरणार्थ जुन्या जीन्सच्या तुकड्याने, वेगाने घासावे. घर्षणाने कड तापते, तंतू बसतात आणि मिनिटा-दोन मिनिटांत मंद चकाकी येते. हे दोनदा-तीनदा करावे आणि शेवटी मेण चोळून पुन्हा कापडाने घासावे. नवशिक्याची वस्तू आणि जाणत्याची वस्तू यांत फरक बहुधा इथेच दिसतो, आणि गंमत म्हणजे या कामाला कौशल्य फारसे लागत नाही, फक्त चिकाटी लागते.

रंग देण्याची घाई करू नये. न रंगवलेले सालीचे चामडे हाताच्या स्पर्शाने आणि उजेडाने काही महिन्यांत आपोआप मधासारखे गडद होते. वरून मेण आणि तेलाचे तयार मलम अगदी थोडे, कापडाने लावावे. खोबरेल तेल लावू नये. ते थंडीत थिजते आणि जास्त झाले की चामडे तेलकट, ढिले पडते. जादा तेलाचा आणखी एक तोटा कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर दिसतो: दमट हवेत अशा चामड्यावर पांढरी बुरशी लवकर धरते. त्या दिवसांत घर प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता सुती कापडात, हवेशीर ठिकाणी ठेवावे. बुरशी आलीच तर घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडावी.

पिशवीकडे जाताना

अशी तीन-चार घरे झाल्यावर पिशवीचा विचार करावा, आणि तेव्हा आधी वजनाचा हिशेब मांडावा. दोन मिलिमीटर जाडीचा एक चौरस फूट तुकडा सुमारे दीड-पावणेदोनशे ग्रॅम भरतो. मध्यम पिशवीला सहा चौरस फूट धरले तर काहीही न भरताच ती किलोच्या घरात जाते. म्हणून अंगासाठी दीड मिलिमीटरच्या आसपासचे आणि फक्त पट्ट्यासाठी अडीच-तीन मिलिमीटरचे चामडे घ्यावे. पट्टा जनावराच्या पाठीच्या कण्याच्या दिशेने कापावा, कारण त्या दिशेने चामडे सर्वांत कमी ताणते. आडवा कापलेला पट्टा महिनाभरात वीतभर लोंबतो. जिथे दोन-तीन थर एकावर एक येतात तिथे खालच्या थराची कड मागच्या बाजूने तासून निम्मी करावी. हे काम धारदार रापीने, सपाट दगडावर किंवा जाड काचेवर, पाते जवळजवळ आडवे ठेवून करतात, आणि ते टाकाऊ तुकड्यांवर बराच सराव झाल्याशिवाय खऱ्या पिशवीवर करू नये. कड्या आणि बक्कल पितळेचे घ्यावेत; मुलामा दिलेल्या लोखंडाचा मुलामा उडाला की वर सांगितलेले काळे डाग पावसाळ्यात पडतातच.

पिशवी जर कुठे दगा देणार असेल तर पट्टा जिथे अंगाला जोडला जातो तिथे देते. त्या जागी आतून चामड्याचा आणखी एक तुकडा लावावा आणि तिन्ही थरांतून चौकोनी शिवण घालून तिच्यात फुली मारावी. रिवेट लावायचे असतील तर या शिवणीच्या जोडीला लावावेत, तिच्याऐवजी नव्हे. पिशवी वापरायला काढण्याआधी तिच्यात पाच किलो तांदूळ घालून ती रात्रभर खुंटीला टांगावी. सकाळी जोडाजवळची भोके लांबट झालेली दिसली, तर तेवढी शिवण उसवून आतला तुकडा मोठा लावावा आणि जुन्या भोकांच्या बाहेरून नवी ओळ पाडून पुन्हा शिवावे.